हिकरी कॉर्नर्स ते वुडवर्ड : सत्तरच्या दशकातील अमेरिकी आलिशान गाड्यांच्या गावी

डेट्रॉइटला जुन्या गाड्या पाहायला जायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पन्नासच्या दशकातील पंखवाल्या कॅडिलॅक किंवा साठच्या दशकातील मस्टँग येतात. आम्ही निघालो होतो ते त्यानंतरच्या, फारसे कौतुक वाट्याला न आलेल्या पिढीसाठी. १९७० ते १९७९ या काळातील कॅडिलॅक, लिंकन, इम्पीरियल, ओल्ड्समोबिल आणि ब्युइक या गाड्यांची ख्याती म्हणजे अवाढव्य देह, मखमली बैठका आणि पेट्रोलचा सढळ खप. जाणकार म्हणवणारे त्यांना हसतात. त्या जपणारे लोक मात्र त्यांच्या उणिवा हसणाऱ्यांपेक्षा जास्त बारकाईने जाणतात आणि तरीही त्यांच्यावर पैसा व रविवार खर्च करतात. मला गाड्यांइतकेच हे लोक पाहायचे होते.

माझा मावसभाऊ वाहन उद्योगात अभियंता आहे आणि डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय या उपनगरात राहतो. त्याच्याकडे उतरण्याची सोय असल्यामुळे खर्चाचा मोठा भाग टळला. ज्यांची अशी सोय नाही, त्यांनी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारच्या आसपासचे हॉटेल काही महिने आधीच ठरवून ठेवावे, कारण त्या आठवड्यात डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते आणि त्या रस्त्यालगत खोली मिळणे दुरापास्त असते.

बुधवार : डिअरबॉर्न

सुरुवात डेट्रॉइटलगतच्या डिअरबॉर्नमधील ‘द हेन्री फोर्ड’ या संग्रहालयापासून केली. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांची बस, केनेडी यांची लिंकन असे पाहण्यासारखे इथे इतके आहे की आम्ही ठरवून फक्त राष्ट्राध्यक्षांच्या गाड्यांपाशी रेंगाळलो. केनेडींची उघडी लिंकन १९६३च्या हत्येनंतर मोडीत काढली असेल, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तिला कायमचे छप्पर आणि चिलखत चढवून ती १९७७पर्यंत सरकारी सेवेत ठेवली होती. तिच्या सोबतीला १९७२ची लिंकन काँटिनेंटल उभी आहे. निक्सन यांच्या काळापासून ही गाडी राष्ट्राध्यक्षांसाठी वापरली गेली. ३० मार्च १९८१ रोजी रेगन यांना लागलेली गोळी थेट लागली नव्हती. ती याच गाडीच्या चिलखती अंगावर आपटून उडाली आणि त्यांच्या काखेखाली घुसली. शाळकरी मुलांचा एक घोळका गाडीवर त्या गोळीचा पोचा शोधत होता आणि त्यांच्या बाई त्यांना दोरीच्या अलीकडे ठेवण्याच्या खटपटीत होत्या.

दुपारी वॉरन ॲव्हेन्यूवर जेवलो. डिअरबॉर्नमध्ये अरब वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे आणि शाकाहारी माणसाला मिशिगनमध्ये इतके पोटभर जेवण इतरत्र क्वचितच मिळेल. मसुराचे सूप, फलाफल, फत्तूश आणि तव्यावरून थेट ताटात पडलेली रोटी एवढ्यावर आमचे भागले. संग्रहालयातील उपाहारगृहाच्या रांगेत ताटकळण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटे गाडी हाकून इकडे यावे, अशी माझी शिफारस आहे.

गुरुवार : लॅन्सिंग

वहिनींनी दशम्या आणि तिळाची चटणी बांधून दिली होती, ती लॅन्सिंगच्या वाटेवरच संपली. वाटेत वळवासारखा पाऊस आला. पुढची गाडी दिसेना, तेव्हा पेट्रोल पंपाच्या आडोशाला थांबावे लागले आणि अर्ध्या तासात पुन्हा लख्ख ऊन पडले. इथल्या ऑगस्टचा हा स्वभावच आहे, म्हणून छत्री नेहमी हाताशी ठेवावी.

ओल्ड्समोबिलचे संस्थापक आर. ई. ओल्ड्स यांच्या नावाचे संग्रहालय आटोपशीर आहे, दोन-तीन तासांत निवांत पाहून होते. १८९७मध्ये सुरू झालेली ओल्ड्समोबिल ही नाममुद्रा २००४च्या २९ एप्रिलला याच गावात संपली. शेवटच्या गाडीच्या बॉनेटखाली कामगारांनी सह्या केल्या होत्या. आम्हाला जे स्वयंसेवक आजोबा भेटले, त्यांनी उभी हयात याच कंपनीत काढली होती. सत्तरच्या दशकातील गाड्यांसाठी आम्ही मुद्दाम आलो आहोत हे कळताच त्यांचा चेहरा खुलला, कारण बहुतेक पाहुणे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गाड्यांपुढे फोटो काढून निघून जातात.

त्यांनी आम्हाला ओल्ड्समोबिलच्या टोरोनाडो या गाडीच्या मागे नेऊन उभे केले. १९७१पासून या गाडीच्या मागच्या काचेच्या खाली, नेहमीच्या दिव्यांपेक्षा बऱ्याच उंचीवर, ब्रेकचे दोन जादा दिवे बसवलेले असत, जेणेकरून मागच्या चालकाला ते थेट नजरेच्या रेषेत दिसावेत. उंचावरचा ब्रेकचा दिवा अमेरिकेत मोटारींना सक्तीचा झाला तो १९८६च्या मॉडेलपासून. त्याहून मोठे आश्चर्य हवेच्या उशीचे. १९७४ ते १९७६ या काळात ओल्ड्समोबिलची मालक कंपनी जनरल मोटर्सने मोठ्या ओल्ड्समोबिल, ब्युइक आणि कॅडिलॅक गाड्यांवर जादा पैसे घेऊन एअरबॅग देऊ केली होती. तीन वर्षांत जेमतेम दहा हजारांच्या वर गाड्यांनी ती घेतली आणि कंपनीने नाद सोडला. “लोक मखमलीसाठी पैसे मोजत होते, अपघातासाठी नाही,” असे आजोबा म्हणाले आणि त्यांनी आम्हाला मखमलही दाखवली. १९७२मध्ये कंपनीला ७५ वर्षे झाली म्हणून नाइन्टी-एट रिजन्सी ही आवृत्ती निघाली होती, जिच्यात टिफनीच्या नावाचे घड्याळ होते आणि बैठकीवर सुट्या उशा ठेवल्याचा भास व्हावा अशी शिवण होती. पुढे दशकभर सगळ्या अमेरिकी कंपन्यांनी ही उशांची बैठक उचलली. आपल्याकडच्या लोडा-तक्क्याच्या बैठकीला चाके लावली तर जे होईल, ते हेच.

रात्री कलामझूला मुक्काम केला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

शुक्रवार : हिकरी कॉर्नर्स

गिलमोर कार म्युझियम कलामझूच्या ईशान्येला, मक्याच्या शेतांमध्ये, नव्वद एकरांच्या आवारात पसरले आहे. १९६६मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. एका छताखाली सगळे कोंबण्याऐवजी जुनी लाकडी कोठारे आणि वेगवेगळ्या काळातील विक्रीदालनांच्या प्रतिकृती अशी इमारतींची वस्तीच इथे आहे. कॅडिलॅक आणि तिचीच धाकटी नाममुद्रा लासाल यांचे दालन चाळीसच्या दशकातील शोरूमच्या घाटाचे, तर लिंकनचे दालन विसाच्या दशकातील शोरूमच्या घाटाचे. चालणे बरेच होते, म्हणून बूट चांगले असावेत आणि संपूर्ण दिवस राखून ठेवावा.

आमचा बराच वेळ मात्र वाहनतळात गेला. उन्हाळ्यात इथे येणारे हौशी लोक आपापल्या जुन्या गाड्या घेऊनच येतात. त्यात १९७६ची पांढरी कॅडिलॅक एल्डोराडो कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडता येणारी गाडी, होती. तिचे मालक ओहायोहून आलेले साठी उलटलेले दांपत्य होते. मी गाडीभोवती दुसरी प्रदक्षिणा घालू लागलो तेव्हा गृहस्थांनी स्वतःहून विचारले, “बॉनेट उघडू का?”

आत ८.२ लिटरचे इंजिन होते. १९७०मध्ये ते आले तेव्हा कंपनी त्याची शक्ती ४०० अश्वशक्ती सांगत असे. १९७६च्या साध्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाची शक्ती १९० वर आली होती. याची दोन कारणे त्यांनी अगदी मास्तरांप्रमाणे समजावून दिली. पहिले असे, की प्रदूषणाच्या नियमांमुळे आणि शिसेविरहित पेट्रोलमुळे इंजिनातील दाबाचे प्रमाण उतरवावे लागले. दुसरे असे, की १९७२पासून अमेरिकेत शक्ती मोजण्याची पद्धतच बदलली. आधी उघडे इंजिन बाकावर चढवून मोजत, पुढे एअर फिल्टर, पंखा, सायलेन्सर असा सारा जामानिमा जोडून मोजू लागले. त्यामुळे घट जितकी दिसते तितकी प्रत्यक्षात नव्हती. “तरी शहरात लिटरला चार किलोमीटरसुद्धा देत नाही,” असे बाईंनी मागून सांगून टाकले.

मग त्यांनी टप उघडून दाखवला. जुन्या कन्व्हर्टिबल गाड्यांमध्ये टपाच्या सांगाड्याचे हात मागच्या बैठकीच्या दोन्ही बाजूंना घडी होऊन बसत आणि बैठकीची रुंदी खात. १९७१पासून कॅडिलॅकने हे हात कात्रीसारखे आतल्या बाजूला दुमडणारे केले. बटण दाबल्यावर मोटरची घुरघुर सुरू झाली, कापड मध्यावर सुरकुतले, दोन्ही हात एकमेकांकडे झुकत आत गेले आणि मागची बैठक तिघांना पुरेल एवढी रुंद तशीच राहिली. चालकाच्या पुढे, दोन्ही मडगार्डांच्या टोकांवर, नखाएवढे दिवे असतात. हेडलाइट आणि वळणाच्या दिव्यांचा उजेड बारीक तंतूंमधून तिथवर आणलेला असतो. दिवा गेला तर ठिपका विझतो. पुढची चाके गाडी ओढत असल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नाही, म्हणून तळ सपाट आहे. सव्वादोन टनांहून जड आणि ५.७ मीटर लांब गाडीला हे सोपे काम नव्हते.

गृहस्थांनी मला विचारले की त्या काळी तुमच्याकडे कोणत्या गाड्या होत्या. मी सांगितले की मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात एकेकाळी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात, पण सत्तरच्या दशकात तिथून निघत होती ती फियाट, जिचे इंजिन १,०८९ घनसेंटिमीटरचे होते आणि जिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि बायकोला म्हणाले, “आपल्या इंजिनात यांची साडेसात इंजिने बसतील.” त्यावर बाईंनी, “आणि ॲव्हरेज कुणाचे चांगले होते?” असे विचारल्यावर तो विषय तिथेच मिटला.

जेवायला आवारातील ब्लू मून डायनर या उपाहारगृहात गेलो. हा १९४१चा खरोखरीचा डायनर आहे, मूळचा कनेक्टिकटचा, तो उचलून इथे आणला आहे. शाकाहारींसाठी फार पर्याय नाहीत, पण गोड पाई आणि कॉफी यांवर वेळ छान जातो. डब्यासारख्या लांबट खोलीत काउंटरला लागून बसावे. शेजारी बसलेला माणूस हमखास गाडीवाला निघतो आणि न विचारता बोलू लागतो. आमच्या शेजारच्याने १९७३चे तेलसंकट आणि रांगा यांचे वर्णन केले. त्याच्या वडिलांनी त्याच शरद ऋतूत नवी लिंकन घेतली होती आणि पुढचे सहा महिने ती मुख्यतः अंगणात उभी राहिली.

परतीच्या वाटेवर विक्सम लागते. लिंकनचा कारखाना तिथे १९५७ ते २००७ एवढा काळ चालला. लिंकनच्या मार्क फोर आणि मार्क फाइव्ह या गाड्या तिथे घडल्या. आता कारखाना पाडलेला आहे. थांबण्यासारखे काही नसल्यामुळे आम्ही थांबलो नाही.

शनिवार : वुडवर्ड

वुडवर्ड ॲव्हेन्यू डेट्रॉइटच्या नदीकाठापासून वायव्येला पाँटिॲकपर्यंत जातो. १९०९मध्ये सिक्स माइल आणि सेव्हन माइल या रस्त्यांच्या दरम्यान त्याचा एक मैल काँक्रीटचा झाला. १९९५मध्ये फर्नडेलच्या लोकांनी मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे उभे करायला जुन्या गाड्यांची एक फेरी काढली. तीच आता वुडवर्ड ड्रीम क्रूझ म्हणून वाढली आहे. त्या दिवशी सुमारे पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यावर गाड्यांची मुंगीच्या पावलांनी वारी चालते.

इथे थोडे व्यवहाराचे सांगतो. सकाळी आठच्या आत पोहोचावे, गाडी मुख्य रस्त्यापासून चार-पाच गल्ल्या आत लावावी, आणि घडीच्या खुर्च्या, टोपी व पाणी न्यावे. सकाळी रस्त्याच्या पूर्वेकडच्या पदपथावर बसावे, म्हणजे ऊन पाठीशी राहते आणि गाड्यांवर पडते. खरे दर्दी मात्र शनिवारी फारसे येत नाहीत, कारण जुन्या इंजिनांना सावकाश रांगेत तापण्याची खोड असते. त्यांना गाठायचे तर गुरुवारी-शुक्रवारी संध्याकाळी यावे. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावू नये. विचारल्यावर बहुधा आत बसायलाच बोलावतात.

आम्ही रॉयल ओकला, प्राणिसंग्रहालयाच्या जलकुंभाच्या थोडे पुढे बसलो होतो. मस्टँग आणि कॉर्व्हेट यांची संख्या उबग यावा इतकी होती. दहाच्या सुमारास मात्र निळी-पांढरी लिंकन मार्क फाइव्ह आली आणि समोरच्या पेट्रोल पंपावर थांबली. १९७९ची बिल ब्लास आवृत्ती. लिंकनने १९७६पासून कार्टिए, जिव्हॉन्शी, पुची आणि बिल ब्लास या फॅशनच्या क्षेत्रातील नावांनी आपल्या गाड्यांचे रंग आणि अस्तर ठरवून घेतले होते. या मार्क गाड्यांची सुरुवातही गमतीची आहे. लिंकनची मालक असलेल्या फोर्ड कंपनीचे तेव्हाचे वरिष्ठ अधिकारी ली आयकोका यांनी थंडरबर्डला रोल्स-रॉइसच्या धाटणीची जाळी बसवून पाहा, असे डिझायनरना सुचवले, त्यातून मार्क थ्री जन्मली आणि बाजारात तिने कॅडिलॅकला घाम फोडला.

मालकीण कृष्णवर्णीय बाई होत्या, वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांचे वडील विक्समच्या कारखान्यात रंगकामावर होते. त्यांनी शेकडो मार्क गाड्या रंगवल्या आणि स्वतः आयुष्यभर जुनी ब्युइक इलेक्ट्रा चालवली. बाईंनी निवृत्तीच्या पैशातून ही गाडी घेतली. मी दिव्यांच्या झाकणांबद्दल विचारले. या गाडीचे हेडलाइट झाकणांच्या आड असतात आणि ती झाकणे निर्वात नळ्यांच्या जोरावर बंद राहतात. एखाद्या नळीला बारीक गळती लागली की उभ्या गाडीचे एक झाकण हळूहळू वर चढते. बाईंनी किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि “आता डावीकडे बघा,” म्हणाल्या. आम्ही बोलत राहिलो. थोड्या वेळाने डावे झाकण खरेच वर सरकू लागले. “यावर्षी नळ्या बदलणार, असे मी दरवर्षी म्हणते,” असे म्हणून त्या खळखळून हसल्या.

दुपारी एका कॅडिलॅकवाल्याने आणखी एक दुखणे दाखवले. सरकारने १९७३पासून पुढच्या आणि वर्षभराने मागच्या बंपरने ताशी पाच मैलांचा धक्का सोसावा, असा नियम केला. त्यासाठी बंपर आत सरकू शकेल असे बनवले आणि बंपर व पत्रा यांच्यातल्या फटीत लवचीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या भरल्या. आज या पट्ट्या बिस्किटासारख्या तुटतात, ही या मंडळींच्या गप्पांतील कायमची तक्रार आहे. त्याच्या १९७८च्या डी व्हिलच्या उजव्या कोपऱ्यात पट्टीच्या जागी मोकळी फट होती आणि तिच्यातून आतला गंज दिसत होता. ही गाडी आकार घटवल्यानंतरच्या पिढीची. जनरल मोटर्सने १९७७मध्ये मोठ्या गाड्या पाऊण ते एक फुटाने आखूड केल्या, तरी फोर्डने पुढची दोन वर्षे लांबीच ओढून धरली. माझ्या मते १९७७ची कॅडिलॅक ही त्या दशकातील सगळ्यांत शहाणी आलिशान गाडी आहे, आणि तिच्याचपाशी सर्वांत कमी लोक थांबत होते.

रविवार : क्लार्क स्ट्रीट

शनिवारी भेटलेल्या एका निवृत्त कामगाराने क्लार्क स्ट्रीट पाहून या, असे बजावले होते. डेट्रॉइटमधल्या या रस्त्यावरचा कॅडिलॅकचा कारखाना १९२१ ते १९८७ चालला. गाडीचे सांगाडे फ्लीटवूड कारखान्यात तयार होत, ट्रकवर चढून रस्त्याने इकडे येत आणि इथे चाकांवर बसत. २१ एप्रिल १९७६ रोजी इथून बाहेर पडलेली पांढरी एल्डोराडो ही अमेरिकेतील शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून वाजतगाजत जाहीर झाली. त्या वर्षी चौदा हजार गाड्या बनल्या, त्यांतील अखेरच्या दोनशे एकसारख्या पांढऱ्या होत्या. लोकांनी जादा पैसे मोजून त्या घेतल्या आणि तशाच झाकून ठेवल्या. पुढे १९८४मध्ये कॅडिलॅकने पुन्हा एल्डोराडो कन्व्हर्टिबल काढली, तेव्हा काही ग्राहक फसवणुकीचा दावा घेऊन न्यायालयात गेले. त्या कामगाराचे मत स्पष्ट होते: ज्यांनी चालवली त्यांचे पैसे फिटले, ज्यांनी झाकून ठेवली ते भांडत बसले.

कारखान्याच्या जागी आता वेगळ्या इमारती आहेत. शेजारच्या मेक्सिकन वस्तीत मात्र जरूर जेवावे. घेवड्याची उसळ, भात आणि हिरव्या मिरचीची चटणी यांनी आमची आठवडाभराची तिखटाची भूक भागली.

घरी आल्यावर भावाने विक्रीला असलेल्या मार्क फाइव्हच्या जाहिराती पाहायला सुरुवात केली. अशी गाडी घेणाऱ्यांनी आधी विनाइलच्या टपाखालचा पत्रा तपासावा, कारण कापडाखाली पाणी मुरते आणि गंज बाहेर दिसतो तोपर्यंत उशीर झालेला असतो. वहिनींनी त्याहून सोपी तपासणी केली. त्यांनी टेप आणून गॅरेज मोजले, ते वीस फूट भरले. गाडी एकोणीस फूट दोन इंच. उरलेल्या दहा इंचांत बर्फ उपसायचे यंत्र कुठे ठेवणार, या प्रश्नाचे उत्तर मी निघेपर्यंत भावाला सापडले नव्हते, आणि जाहिरातीही त्याने बंद केल्या नव्हत्या.